मेण लावलेल्या मातीची रेडिमेड बादली: घ्यावी का?

आधीच सांगतो, हे सगळं अमेरिकेतलं आहे, भारतात कोल्हा-लांडगा पकडायला जाल तर 1972 च्या वन्यजीव कायद्यात अडकाल. आम्ही आयोवात राहतो आणि शेजारच्या आजोबांच्या मेंढ्यांवर दर हिवाळ्यात कायोटी येतात (आपला कोल्हा आणि लांडगा यांच्या मधलं काहीतरी समजा). लायसन्स आजोबांचं, खड्डे खणून जमिनीत लोखंडी सापळे पुरायचं काम माझं.

इथे खरा ताप थंडीचा. दुपारी बर्फ वितळतो, पाणी मातीत मुरतं आणि रात्री सापळ्यासकट सगळं दगड होतं, मग वर हत्ती नाचला तरी जबडे उघडेच. गोठू नये म्हणून मीठ टाकलं की लोखंड गंजतं, म्हणून सापळ्याभोवती भरायला ही मेणवाली माती. प्रत्येक कणाला मेणाचा पातळ थर, त्यामुळे पाणी अळूच्या पानावरून ओघळावं तसं निघून जातं, मातीत पाणीच नाही तर गोठणार काय!

ऑगस्टच्या उन्हात घरी करायचा आळस केला म्हणून डिसेंबरात बादली विकत आणली (दुकानाचं नाव नाही घेत). वरची अर्धी एक नंबर, मऊ, कोरडी, रात्री गारठा पडून सकाळी सगळं कडक झालं तरी ही बोटाने उकरता येत होती. पण तळाला हात घातला तर ढेकळं, आणि मी घाईत तशीच वापरली. दुसऱ्या दिवशी बघतो तर सापळ्यावर पावलाचा ठसा आणि सापळा तसाच, पट्टीखाली (जिच्यावर पाय पडला की जबडे मिटतात ती) एक खडा अडकलेला. आजोबा काहीच बोलले नाहीत, फक्त चाळणी आणून हातात दिली. बरं, इथे दर 24 तासांत सापळे बघायचा नियम आहे, म्हणजे असली फजिती बघायला रोज पहाटे थंडीत जायचंच.

शिवाय पुरत नाही हो, सापळ्याच्या खाली, बाजूला, वर सगळीकडे हीच माती लागते, साधी ओली माती कडेने जरी आत आली तरी ती गोठते आणि केलेलं सगळं वाया, त्यामुळे एका बादलीत आमचे जेमतेम चार सापळे झाले. वापरून झाल्यावर गोळा करून चाळून परत चालते, तेवढंच समाधान.

घरी केलेली जास्त बरी निघते. कोरडी बारीक चाळलेली माती भर उन्हात काळ्या प्लास्टिकवर पसरायची, वर मेणाचा चुरा भुरभुरायचा आणि वितळेल तसं खालीवर करत राहायचं, कुरडया वाळत घालतो तसंच, फक्त बायको बघून कपाळाला हात लावते. आमचं प्रमाण 20 पौंड मातीला साधारण 1 पौंड मेण. मुठीत दाबून घट्ट लाडू वळला तर मेण जास्त झालं, अजून माती घाला. आणि स्वयंपाकाच्या गॅसवर अजिबात करू नका, मेण पेट घेतं.

ऊन चुकलंच असेल तर बादली घ्या, पण बिनवासाची, आणि पैसे द्यायच्या आधी झाकण उघडून पार तळापर्यंत हात घालून बघा. पाचात तीन स्टार.