श्रीलंकेत आठ दिवस: तळ्यांचा मुलूख की डोंगरांचा?

नकाशावर श्रीलंका एवढीशी दिसते आणि तिथेच गफलत होते. महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा देश. मग उत्तरेतल्या अनुराधपूरपासून दक्षिणेतल्या ‘याला’ या जंगलापर्यंत सगळं आठ दिवसांत बसवून टाकू, असं वाटतं. बसतंही, फक्त त्यातला निम्मा देश गाडीच्या काचेतूनच दिसतो. कँडी ते नुवारा एलिया जेमतेम ८० किलोमीटर, पण घाटातून अडीच-तीन तास जातात.

म्हणून आठवडाभराचीच सुट्टी असेल तर दोनपैकी एक श्रीलंका निवडा. एक उत्तरेची: सपाट, कोरडी, जुन्या राजधान्यांची आणि त्यांच्या तळ्यांची. दुसरी मधल्या डोंगरांची आणि चहाची, जिच्या पायथ्याशी दक्षिणेला याला आणि उडावालावेची जंगलं आहेत.

आधी सुट्टी कधी आहे ते सांगा

तिकडे पाऊस दोनदा येतो. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा, तो पश्चिम किनारा आणि डोंगर भिजवतो. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तो उत्तर-पूर्वेला झोडपतो. आपली गंमत अशी की आपल्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या अडनिड्या वेळी येतात. मे महिन्यात डोंगरावर ढग जमू लागतात, तर दिवाळीच्या सुमारास दुपारनंतर जवळपास कुठेही गडगडाटी सरी येतात. १५ ऑगस्ट किंवा गणपतीच्या आसपास रजा मिळत असेल तर डोळे मिटून उत्तर निवडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमत असेल तर डोंगर.

उत्तर: अनुराधपूर की पोलोन्नरुवा?

दोन्ही युनेस्कोच्या यादीत १९८२ सालीच आले, पण दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

अनुराधपूर हजार वर्षांहून अधिक काळ राजधानी होतं आणि आजही ते जिवंत तीर्थक्षेत्र आहे. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढलेलं झाड तिथे पुजलं जातं. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली कुटुंबं कमळं घेऊन रांगेत उभी असतात. पौर्णिमेला, म्हणजे त्यांच्या ‘पोया’च्या दिवशी, तर आपल्याकडच्या यात्रेसारखी गर्दी. तिथला जेतवन स्तूप पूर्ण विटांचा, मुळात १२२ मीटर उंच. आज तो खूप खचला आहे, तरी पायथ्याशी उभं राहिलं की मान मोडते. पण हे सगळं मैलोन् मैल पसरलेलं आहे. गाइड नसेल तर तिसऱ्या स्तूपापाशी मुलं कंटाळतात, आणि खरं सांगायचं तर मोठीही.

पोलोन्नरुवा आटोपशीर आहे. इथे भाड्याची सायकल घ्यायची आणि झाडांच्या सावलीतून एकेक वास्तू बघत जायचं. दहाव्या शतकाच्या अखेरीस राजराज चोळाच्या सैन्याने अनुराधपूर पाडलं आणि चोळांनी आपलं ठाणं इथे हलवलं. त्यांच्या काळातलं दगडी शिवमंदिर अजून उभं आहे. पुढे १०७० मध्ये पहिल्या विजयबाहूने चोळांना हाकललं आणि बाराव्या शतकात पराक्रमबाहूने शहराला वैभव आणलं. गल विहारमध्ये एकाच कातळात कोरलेल्या चार बुद्धमूर्ती आहेत. त्यातली पहुडलेली मूर्ती सुमारे १४ मीटर लांब, आणि डोक्याखालची उशी किंचित दबलेली दाखवली आहे. दगडात! त्या एका उशीसाठी मी पोलोन्नरुवाला कौल देईन. श्रद्धेने जाणाऱ्याने मात्र अनुराधपूर चुकवू नये.

दोन्हीकडे चपला काढाव्या लागतात आणि दुपारी फरशी तव्यासारखी तापते. जाड मोजे पिशवीत ठेवा. गुडघे-खांदे झाकलेले हवेत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही.

सिगिरिया की पिदुरंगल?

सिगिरिया म्हणजे सपाट जंगलातून अचानक वर आलेला कातळ, बापाला मारून गादीवर बसलेल्या कश्यपाची (इ.स. ४७७–४९५) राजधानी. सुमारे १२०० पायऱ्या. वाटेतल्या चित्रांतल्या स्त्रिया पाहून अजिंठा आठवणारच, आणि काळही जुळतो: अजिंठ्यातली वाकाटककालीन लेणी त्याच पाचव्या शतकातली. चित्रांचे फोटो काढू देत नाहीत. तिकीट डॉलरमध्ये आणि महाग. सार्क देशांच्या नागरिकांना सवलत असते, तेव्हा पासपोर्ट खोलीवर विसरू नका.

समोरच्या पिदुरंगल या दुसऱ्या कातळाचं तिकीट त्या मानाने किरकोळ, आणि सिगिरियाचा देखणा फोटो मिळतो तो तिथूनच. पण शेवटच्या टप्प्यात मोठमोठ्या शिळांवरून हातापायांनी चढावं लागतं. सह्याद्रीत भटकणाऱ्याला त्यात काही नाही. आई-बाबा बरोबर असतील तर पायऱ्यांचा सिगिरियाच बरा, तोही सकाळी दार उघडताच.

हत्ती की बिबट्या?

जेतवन स्तूप उभारायला घेणारा महासेन राजा तळी बांधण्यातही मोठा. तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या संधिकाळातलं त्याचं मिन्नेरियाचं तळं आजही शेतीला पाणी देतं, आणि आसपासचे लोक महासेनाला ‘मिन्नेरीचा देव’ म्हणून पुजतात. कोरड्या महिन्यांत पाणी मागे हटतं, उघड्या गाळावर कोवळं गवत येतं आणि ते खायला शेकडो हत्ती गोळा होतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हा मेळा भरात असतो. म्हणून उत्तरेच्या फेरीत वारसा आणि वन्यजीव अशी दोन वेगळी खाती नाहीतच. एक धोका आहे: वरच्या मोरगहकंद धरणाचं पाणी येऊन तळं भरलेलंच राहिलं तर गवत उगवत नाही आणि हत्ती जवळच्या कौडुल्ला किंवा हुरुलूच्या जंगलाकडे जातात. ‘आज कुठे?’ हे जीपवाल्याला विचारूनच तिकीट काढा.

यालाचं जंगल बिबट्यासाठी. या बेटावर वाघ नाही, त्यामुळे बिबट्याच जंगलाचा धनी, आणि वागतोही तसाच. जुन्नरचा बिबट्या उसात दडतो, इथला भर उजेडात खडकावर पसरतो. पण पहिल्या ब्लॉकमध्ये एका बिबट्यामागे जीपची जी रांग लागते, ती पाहून ताडोबाची गर्दी शिस्तीची वाटेल. सप्टेंबरच्या सुमाराला दुष्काळामुळे हा भाग बहुधा बंद असतो. बिबट्याचा हट्ट नसेल तर उडावालावे घ्या. हत्ती तिथे बारमाही दिसतात आणि मुलं खूश होतात. उत्तरेच्या फेरीतच बिबट्या हवा असेल तर अनुराधपूरजवळचं विल्पत्तू आहे. तिथे दिसण्याची खात्री कमी, पण शांतता आहे.

डोंगर: नुवारा एलिया की एल्ला?

नुवारा एलिया (१८६८ मीटर) म्हणजे साहेबाने वसवलेलं थंड हवेचं ठिकाण: तळ्यात बोटी, काठावर घोडे, हातगाडीवर स्ट्रॉबेरी. महाबळेश्वर पाहिलेल्याला यासाठी विमानात बसायची गरज नाही. जायचंच तर हॉर्टन प्लेन्स या उंच पठारासाठी जा. तिथला ‘वर्ल्ड्‌स एंड’चा कडा नऊ-दहाच्या आत गाठायचा, नंतर धुक्याशिवाय काही दिसत नाही. सीता एलियाचं मंदिर वाटेवरच आहे. घरातल्या ज्येष्ठांसाठी हा मोठा मुद्दा ठरतो.

एल्ला खाली, हजारेक मीटरवर. गाव आता कॅफेंनी भरलंय, पण पायी फिरायला उत्तम. छोटं अ‍ॅडम्स पीक ही टेकडी तासाभरात होते आणि १९२१ चा नऊ कमानींचा पूल चालत जाण्याजोगा. तिथून यालाच्या बाजूचं तिस्समहाराम दोन-अडीच तासांवर. म्हणून माझी पसंती एल्लाला. डोंगरातल्या प्रसिद्ध रेल्वेचं मात्र आधी विचारून घ्या: नोव्हेंबर २०२५ च्या दित्वा चक्रीवादळाने या मार्गाची मोठी हानी केली होती.

जेवण दोन्हीकडे सारखंच

भात आणि चार-पाच रस्से, सगळ्यांत नारळाचं दूध. कोकणी माणूस पहिल्याच घासाला घरी पोचतो. त्यांचे ‘इंदिआप्प’ म्हणजे आपल्या शिरवाळ्यांचे सख्खे भाऊ, आणि मासळीत कोकमाच्या जातकुळीतलं ‘गोरका’. शाकाहारींनी एवढंच पाहावं की पोळ संबोल या ओल्या खोबऱ्याच्या चटणीत बऱ्याचदा ‘उंबलकड’ म्हणजे सुक्या मासळीचा चुरा असतो. ‘उंबलकड नको’ एवढे दोन शब्द पुरतात.

आई-बाबा, मुलं आणि पावसाळ्यातली रजा असा संसार असेल तर सिगिरियाजवळ एकाच ठिकाणी चार रात्री काढा. पोलोन्नरुवा, मिन्नेरिया, दांबुल्लाची लेणी सगळं दिवसात जाऊन येण्याजोगं आहे, बॅगा रोज भराव्या लागत नाहीत. उरलेले दोन दिवस कँडीला. दोघंच असाल आणि गुडघे शाबूत असतील तर कँडी, एल्ला, याला आणि परतताना गाल्लचा (गॉलचा) किल्ला.