गाळाचा पंप घेताना माझे साडेसहा लाख कसे गेले

दुधना नदीवरच्या एका कोल्हापुरी बंधाऱ्यामागचा गाळ काढायचं काम मी घेतलं होतं. डोहात पाणी, पोकलेन उतरेना, म्हणून सक्शन पंप घ्यायचं ठरवलं. परगावच्या एका विक्रेत्यानं गोदामात पंप चालवून दाखवला. हौदात वाळू आणि पाणी होतं. पाइप सोडला आणि दोन मिनिटांत बाहेर वाळूचा ढीग. "दादा, तासाला 200 घनमीटर गाळ. काठावर ठेवा, नऊ मीटर खालून ओढतो," तो म्हणाला. पावसाळा तोंडावर आलेला, मी सगळे पैसे एकदम भरले.

काठापासून पाणी सात मीटर खाली. पंप घटकाभर पाणी द्यायचा, मग हवा धरायचा. मिस्त्रीनं तीन दिवस पाइपांच्या जोडावरच्या फ्लँजची पॅकिंगं बदलली. शेवटी ओळखीच्या एका निवृत्त अभियंत्यांनी समजावलं. पाणी वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो फार तर 10.3 मीटर पाणी पेलतो, आपल्याकडं उंचीमुळं त्याहून कमी. त्यातून पाइपातलं घर्षण आणि गाळाचं वजन वजा करा. काठावरून नऊ मीटर गाळ ओढणं कोणत्याच पंपाला जमणारं नव्हतं.

मग पंप तराफ्यावर ठेवला. पाणी आलं, गाळ नाही. हौदातली वाळू मोकळी होती. आमच्या डोहाच्या तळाला काळी चिकण. ती नुसत्या ओढीनं सुटत नाही. पाइपाच्या तोंडाशी फिरतं कटर किंवा पाण्याचा जोरदार फवारा लागतो. माती कसली आहे, हे विक्रेत्यानं एकदाही विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नाही, ही माझी चूक. आणि ते 200 घनमीटर म्हणजे स्वच्छ पाण्याचं माप! त्यात शेकडा 10 ते 15 भाग गाळ धरला तर तासाला 20-30 घनमीटरच. मी कामाचा दर 200 धरून लावला होता.

सगळ्यात जिव्हारी लागला तो इंपेलर, म्हणजे पंपातलं पात्यांचं फिरतं चाक. कोटेशनमध्ये 'हाय क्रोम', म्हणजे झीज सोसणारं कडक क्रोमचं लोखंड, लिहिलेलं, पण पाण्यासोबत आलेल्या बारीक वाळूनं पंधरा दिवसांत पाती खाल्ली. मिस्त्रीनं कानस मारली तर भुगा पडला. हाय क्रोमवर कानस नुसती घसरते. हे साधं बीड होतं. भांडायला गेलो तर बिलात फक्त 'पंपसेट 1 नग'. नंतर त्यानं माझा फोन उचलणंच सोडलं.

पंप बघायला जाल तेव्हा आपल्या डोहातला गाळ दोन पिंपं भरून सोबत न्या आणि तोच ओढून दाखवायला लावा. इंपेलरची धातू, पाण्यापासूनची उंची आणि तासाला निघणारा घट्ट गाळ, तिन्ही बिलावर लिहून घ्या. निम्मे पैसे पंप आपल्या काठावर चालेपर्यंत हातात ठेवा. परभणी-जालन्याकडचं कुणी असा पंप घ्यायला निघालं असेल, तर तो झिजलेला इंपेलर माझ्या शेडात ठेवलाय, आधी येऊन बघून जा.