तुळस, पुदिना की गवती चहा? थंडी आणि तेलाचा हिशेब

तुळशीची एक डहाळी आणि पुदिन्याच्या दोन काड्या कागदात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या ट्रेमध्ये ठेवा. काही दिवसांत तुळशीची पानं काळी पडू लागतात, पुदिना हिरवा राहतो. तिथे गारठा चार-पाच अंशांचा असतो, बर्फ नाही. तुळस उष्ण हवेतली. गारठ्यात तिच्या पेशींचं आवरण ताठरतं, आतला रस पाझरतो आणि पान करपल्यासारखं होतं.

माझी मावसबहीण बोरिवलीला राहते, सासरची वीस गुंठे जमीन निफाडजवळ आहे. तिने विचारलं, "सुगंधी तेलासाठी शेतात काय लावू, आणि गॅलरीत काय?" दोन्हींचं उत्तर एकच नाही.

मुंबईत खरी थंडी नसतेच. सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंश, तो २२ जानेवारी १९६२ चा. एरवी जानेवारीची रात्र सोळा-सतरा अंशांवर थांबते. एवढ्यानं तुळस मरत नाही, फक्त मंदावते. पानं लहान, थोडी जांभळट होतात आणि मंजिऱ्या भराभर येतात. त्या खुडत राहिलं की झाड टिकतं. पुदिन्याला मात्र हेच दिवस मानवतात. पावसाळ्यात कुंडीत पाणी साचून त्याची मुळं कुजतात, एप्रिलच्या उन्हात तो कोमेजतो. गवती चहाला बाराही महिने चालतात, उन्हातली मोठी कुंडी मिळाली की पुरे.

गावाकडे गणित वेगळं, आणि इथेच लोक फसतात. थंडीतल्या पानाला वास जास्त येतो म्हणून तेलही जास्त मिळेल, असं वाटतं. वाढ थांबली की पान आखूड होतं आणि त्यावरच्या तेलाच्या ग्रंथी दाट बसतात. शिवाय ताणात झाड अशी संरक्षक द्रव्यं जास्त बनवू शकतं. त्यामुळे पाल्यातल्या तेलाचा टक्का वाढू शकतो, पण पाला घटतो. समजा, चांगल्या दिवसांत १०० किलो पाल्यातून ०.५ टक्क्याने ५०० ग्रॅम तेल निघालं. थंडीत पाला ६० किलोच आला आणि टक्का ०.६ झाला, तर हाती येतात ३६० ग्रॅम. तेल काढायच्या भट्टीला जळण, मजुरी साधारण तेवढीच. म्हणून मी टक्क्यापेक्षा एकूण तेल बघते.

पुदिन्याचं आणखी एक. स्वयंपाकातला पुदिना वेगळा आणि मेन्थॉलसाठी लावतात तो जपानी पुदिना वेगळा. उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे त्याच्या मुळ्या जानेवारी-फेब्रुवारीत लावतात आणि कापणी मे-जूनमध्ये होते, कारण त्याला लांब दिवस आणि ऊब हवी. हिवाळ्यात तो जगतो, वरचं जळालं तरी जमिनीतून पुन्हा फुटतो, पण तेलाचं पीक तेव्हाचं नाही. लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने काढलेली 'कोसी' जात याच कामाची. पाणी मात्र भरपूर लागतं. उन्हाळ्यात विहीर आटत असेल, तर या वाटेला जाऊच नका.

निफाडचा गारठा राज्यात प्रसिद्ध आहे, पारा पाच अंशांखालीही जातो आणि द्राक्षबागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतात. तिथे तुळस लावायची तर पावसाच्या सुरुवातीला रोपं लावून दिवाळीच्या आसपास कापणी उरकायची. डिसेंबरवर विसंबायचं नाही. गवती चहाचे शेंडे थंडीत तांबूस, कोरडे होतात, पण बुंधा टिकतो आणि ऊब आली की फुटतो. पाणी बेताचं असलेल्या, दर आठवड्याला गावी न जाऊ शकणाऱ्या माणसासाठी माझं मत याच्याच बाजूने आहे.

बहिणीला मी सांगितलं: शेतात गवती चहा, गॅलरीत तुळस, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी चटणीपुरता पुदिना. गवती चहाची शेवटची कापणी नोव्हेंबरातच घे, बुंध्यापासून वीतभर सोडून. कडाक्याच्या तोंडावर कापलास तर कोवळा फुटवा आधी जळतो.