जुनी गाडी: भंगारातला पार्ट, नवा पार्ट की सरळ गॅरेज?

गाडी १२-१५ वर्षांची झाली की काही ना काही निघतच राहतं. काच दारात पडते, वायपर मध्येच अडकतो, नवी पेठेत लावलेल्या गाडीचा आरसा कुणीतरी उडवून जातं. सोलापुरात अशा वेळी तीन वाटा असतात. भंगारातून पार्ट आणून घरीच बसवायचा, नवा आणून घरीच बसवायचा, नाहीतर चावी मिस्त्रीच्या हातात द्यायची. बहुतेक जण भाव बघून ठरवतात. मी आधी वेगळा हिशोब करतो: हाच पार्ट पुणे रोडला टेंभुर्णीच्या पुढे, ८० च्या स्पीडला मेला तर काय होईल? काच पडली तर धूळ खाऊ, एवढंच. ब्रेकचा होज (रबरी नळी) फुटला तर मात्र भावाचा विषयच उरत नाही.

दुसरी गोष्ट गाडीच्या कंपनीची. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण त्याच ७९६ सीसी इंजिनाच्या घराण्यातल्या ओम्नी आणि अल्टो इतक्या विकल्या गेल्या की पार्ट कुठल्याही दुकानात मिळतात आणि स्वस्तही असतात. मारुतीवाल्याने इंजिनाच्या बाजूचा माल भंगारात शोधणं म्हणजे पन्नास रुपये वाचवायला दुपार घालवणं. शेवरोले स्पार्क किंवा बीट असेल तर गणित उलटं होतं. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं बंद केलं, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं ठरवलं. या गाड्यांचा दरवाजा, टेललाइट किंवा डॅशबोर्डचा एखादा तुकडा हवा असेल तर भंगार हाच आधार.

भंगार खरोखर जिंकतं ते बॉडीच्या सामानात: दरवाजे, काचा, आरसे, हँडल, सीट, स्टीलच्या रिम, बॉनेटची बिजागरी. लोखंड आणि काच उन्हात नासत नाहीत. दाराचा मूळ पत्रा डुप्लिकेट नव्यापेक्षा चौकटीत नीट बसतो, आणि रंग जुळला तर पेंटरचा खर्चही वाचतो. रबर आणि प्लॅस्टिकचं तसं नाही. आपल्याकडे एप्रिल-मेत पारा ४० च्या वर असतो, आणि अंगणात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीची बीडिंग (काचा-दारांच्या कडेची रबरी पट्टी), क्लिपा, होज बिस्किटासारखी तुटतात. ते नवंच घ्यावं.

शिकाऊ माणसाने सुरुवात कुठून करावी? अल्टोच्या हाताने फिरवायच्या काचेच्या मशीनपासून. काच वर सरकवून चिकटपट्टीने चौकटीला पक्की करा. फिरवायच्या हँडलमागे घोड्याच्या नालेसारखी तारेची क्लिप असते. तिथे स्क्रू ड्रायव्हर घालून कुरतडत बसू नका. हँडल आणि पॅड (दाराचं आतलं आवरण) यांच्या फटीत कापडाची चिंधी घालून दोन्ही टोकं आळीपाळीने ओढली की क्लिप उडून येते. (सोलापुरी टॉवेल घरात हाताशी असतोच, पण तो जाड पडतो. जुन्या धोतराची पट्टी घ्या.) मग आतल्या हँडलचे आणि आर्मरेस्टचे स्क्रू काढायचे आणि पॅड खालून ओढायचं. मागचा प्लॅस्टिकचा कागद फाडू नका. तो गेला की पावसात पाणी आत येऊन पायाखालचं कार्पेट भिजतं. पुढे १० नंबरचा पाना, काच धरायला एक जोडीदार आणि थोडा धीर.

हे काम आधी भंगारातल्या गाडीवर करून बघता आलं तर उत्तमच. तिथे क्लिप तुटली तरी कुणी रडत नाही. अडचण एवढीच की भंगारवाल्याचा पोरगा छिन्नी-हातोडी घेऊन तयारच असतो. त्याला आधीच सांगा: ‘मी काढतो, पैसे तेवढेच देतो.’ विजेचा पार्ट असेल तर कपलर (वायर जोडायचा प्लॅस्टिकचा खटका) आणि वीतभर वायर सोबत कापून घ्या, स्क्रूही मागून घ्या. भाव नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका. घासाघीस मराठीत सुरू होते आणि दखनीत मिटते, पण ‘चेकिंग करून परत घेशील ना?’ हे पैसे द्यायच्या आधीच विचारायचं.

विजेच्या पार्टात निकाल बरोबरीचा. वायपरची मोटर, पंख्याची मोटर जागेवरच १२ व्होल्टच्या बॅटरीला लावून बघता येते. फिरली, आवाज नाही, तर घ्या. अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा पार्ट) मात्र गाडीवर चढल्याशिवाय खरं सांगत नाही. चालू इंजिनवर बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटरने साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. आणि भंगारातला घेण्याआधी आपलाच उघडून बघा. आतले कार्बन (ब्रश) किंवा बेअरिंग गेलं असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियन नवं टाकून देतो, आणि तो जुना-नवा मिसळलेला अल्टरनेटर भंगारातल्या अनोळखी मालापेक्षा भरवशाचा.

ब्रेक पॅड, व्हील सिलिंडर, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, टायमिंग बेल्ट, टायर, सीट बेल्ट, एअरबॅग: हे भंगारातून अजिबात नाही, फुकट दिलं तरी नाही. रेडिएटरही नवाच. बोअरच्या क्षारट पाण्यावर चाललेल्या गाडीच्या रेडिएटरच्या नळ्या आतून बुजलेल्या असू शकतात आणि बाहेरून काही कळत नाही. आपल्या गाडीतही बोअरचं पाणी न ओतता कूलंटच घाला.

नवा पार्ट घरी बसवण्यात एअर फिल्टर, प्लग, बॅटरी, हेडलाइटचा बल्ब ही कामं बिनधास्त करा. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडायची. पण गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरायचं असेल तर करूच नका. गाडीखाली टेकवायचे स्टँड नसतील तर ते काम गॅरेजचं. क्लच, सस्पेन्शनची स्प्रिंग, टायमिंग बेल्ट, ब्रेकच्या लायनीत शिरलेली हवा काढणं, या कामांचे मजुरीचे पैसे देताना मला कधी जड वाटलं नाही.

इंजिन भंगारातून आणायचा बेत असेल तर आधी कागद. इंजिन बदललं की आरटीओची परवानगी आणि आरसीवर नवा नंबर लागतो, आणि विकणाऱ्याची पावती नसेल तर चोरीच्या मालाची भानगड तुमच्या दारात येते. तसंही १५ वर्षांनंतर रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाला गाडी एमएच-१३ च्या आरटीओत दाखवावी लागतेच. इंजिनचा नंबर तिथे जुळला नाही तर फी आणि हेलपाटा दोन्ही वाया.

इथे नाही मिळालं तर पुण्याचा जुना बाजार आहे. पण अडीचशे किलोमीटर जाऊन एक आरसा आणायला पेट्रोलच जास्त लागेल. पुण्यात ओळखीचं कुणी असेल तर फोटो आणि मॉडेलचं साल पाठवा, आणि ट्रॅव्हल्सच्या पार्सलमधून मागवा.