एमटीपी ट्रेनिंग केलं: पपई उत्तम, केसेस तोकड्या

मी एमबीबीएस, प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर. गर्भपाताचं, म्हणजे एमटीपीचं, सरकारी प्रशिक्षण गेल्या वर्षी एका जिल्हा रुग्णालयात केलं. नाव लिहीत नाही, पुढे तक्रारीही आहेत. जायचं की नाही असं विचारणारे ज्युनिअर बरेच, त्यांच्यासाठी हे.

आधी चांगलं. पहिल्या दिवशी दुपारी ट्रेवर पपया आल्या. छोट्या, जेमतेम पिकलेल्या. देठाकडचं तोंड म्हणजे गर्भाशयमुख. 60 मिलिची एमव्हीए सिरिंज, म्हणजे हातानं निर्वात करून पिशवी रिकामी करायची, हातात दिली. दोन्ही बटणं दाबून लॉक करायची, दांडा मागे ओढायचा, त्याचे कान बाहेर येऊन अडकले की निर्वात तयार. मग कॅन्युला, म्हणजे सिरिंजची नळी, आत, बटणं सोडायची, आणि पपईच्या बिया सर्रकन सिरिंजमध्ये. आम्ही सगळे हसलो. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भोक पाडलंत पपईला. बाईला पाडलं असतं तर?" माझ्याच पपईला पाडलं होतं. त्यानंतर कॅन्युला चिमटीत धरायला शिकले, मुठीत नाही.

कॉलेजात मी क्युरेटिंगच पाहिलं होतं. इथे कळलं की जागतिक आरोग्य संघटना ते जुनं झालं, सोडून द्या म्हणते. पिशवी रिकामी झाली हे कसं ओळखायचं, तर गुलाबी फेस येतो, आतून खरखर लागते, पिशवी कॅन्युलाला धरून आवळते. बाहेर आलेलं गाळणीत धुऊन उजेडाला धरायचं. हे पुस्तकात होतंच, पण हाताला ती खरखर लागल्याशिवाय काय ते कळत नाही.

आता तक्रार. नियम असा की बारा आठवड्यांपर्यंतच्या गर्भपातासाठी 25 केसेसमध्ये मदत आणि त्यातल्या 5 स्वतःच्या हातानं. आम्ही सहा जण, दिवस बारा आणि टेबल एक. केसेस याव्यात म्हणून देवाला विनवायचं का? वाटायला लाज, पण वाटत होतं. रजिस्टर भरत नव्हतं, मी पुढे दोन वेळा स्वतःच्या रजेत जाऊन आकडा पुरा केला. जाणार असाल तर तिथे रोज किती केसेस होतात हे आधी फोन करून विचारा. बॅचही लहान मागा. मेसचं जेवण मात्र बरं होतं.

दुसरी तक्रार जास्त जिव्हारी लागलेली. बाईशी बोलायचं कसं, यासाठी शेवटच्या दिवशी चहाआधीचा पाऊण तास. स्लाइड वाचून संपवली. म्हणून परतल्यावर पहिल्याच बाईला मी सवयीनं विचारलं, "मालक आलेत का सहीला?" ती उठून निघालीच होती. सिस्टरांनी माझ्याकडे फॉर्म सी, संमतीचा फॉर्म, सरकवला. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, 1971 च्या कायद्यापासून हे असंच आहे. तिचं नाव बाहेर फोडलं तर आता वर्षभराची शिक्षाही होऊ शकते. मला सगळं पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण तोंडातून निघालं ते "मालक". "बसा ताई, चुकलं माझं," म्हटलं, तर म्हणाली, "ते मुंबईला असतात, चार महिने झाले." सात आठवडे चालू होते. पुढे मी एकही प्रश्न विचारला नाही.

नेपाळात गोळ्यांनी करायच्या गर्भपाताचं प्रशिक्षण नर्सनाही देतात, आपल्याकडे कायद्यानं फक्त डॉक्टर. आमच्या सिस्टरांना पाहिल्यावर वाटतं, मला सोडून त्यांनाच पाठवायला हवं होतं.

एकूण पाचपैकी साडेतीन. हातासाठी पाच देईन. सिरिंजचा किट मागणीपत्र देऊन चार महिन्यांनी आला, तोवर मी घरी पपईवर सराव करत होते. नवरा आता पपई खात नाही.