सासूबाईंसाठी आर्मेनियन वृद्धनिवास : वर्षभरानंतरचा अनुभव

सासूबाई लॉस एंजेलिसजवळच्या एका आर्मेनियन असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळते अशा वृद्धनिवासात, राहायला गेल्या, त्याला आता वर्ष उलटलं. जागेचं नाव देत नाही, कारण तक्रारीही लिहायच्या आहेत. परत निवडायची वेळ आली तर हीच जागा घेऊ, पण सही करण्याआधी विचारायचे प्रश्न मात्र वेगळे असतील.

मी ठाण्याची, नवरा आर्मेनियन. सासूबाईंना आम्ही सगळेच मायरिग, म्हणजे आई म्हणतो. त्या वाढल्या बैरूतच्या बुर्ज हम्मूदमध्ये. 1915 साली ऑटोमन तुर्कांनी केलेल्या आर्मेनियन नरसंहारातून वाचलेल्यांनी उभी केलेली ही वस्ती. तिथल्या मोहल्ल्यांना सुटलेल्या गावांचीच नावं आहेत : नवं मराश, नवं सिस, नवं अदाना. मायरिग मराशवाल्यांपैकी. 1975 साली लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि पुढे हे कुटुंब कॅलिफोर्नियात आलं.

डिमेन्शिया वाढत गेला तसं त्यांचं इंग्रजी सगळ्यात आधी गेलं. आधी ज्या डे-केअरला जायच्या तिथे त्या दिवसभर गप्प बसायच्या आणि तिथले लोक 'काही त्रास नाही हो त्यांचा' असं कौतुकाने सांगायचे. ते कौतुक ऐकूनच आम्ही आर्मेनियन जागा शोधायला घेतली.

ग्लेनडेल आणि आसपास आर्मेनियन वस्ती इतकी मोठी आहे की अशी जागा मिळणं अवघड नाही. अवघड आहे ते कुठले आर्मेनियन हे ओळखणं. आर्मेनिया आणि इराणमधून आलेल्यांची बोली पूर्वेकडची, लेबनॉन-सीरिया-तुर्कस्तानवाल्यांची पश्चिमेकडची. एकमेकांचं कळतं, पण एकाचा ग्रिगोर तो दुसऱ्याचा क्रिकोर. ज्या बाईला स्वतःच्या नातवाचं नाव आठवायला वेळ लागतो, तिला एवढा फरकही पुरतो. चर्चचीही दोन पीठं आहेत, आर्मेनियातलं एच्मियाद्झिन आणि लेबनॉनमधलं अंतेलियास. मायरिग अंतेलियासच्या, इथे येणारे पाद्री दुसऱ्या पीठाचे. त्याचं त्यांना काही वाटलं नाही, नवऱ्याला वाटलं.

पाहणीच्या दिवशी हे काही डोळ्यांत भरत नाही. दिसतो तो भिंतीवरचा अरारात पर्वत, दारातला खाचकार, म्हणजे क्रूस कोरलेला दगड, आणि नार्दीच्या पटावर सोंगट्या आपटत भांडणारे आजोबा. आम्ही खूश झालो.

खरी अडचण आली ती तुर्की भाषेची. मराशच्या जुन्या आर्मेनियन घरांमध्ये तुर्कीच बोलायचे. मायरिगची आई त्यांच्याशी तुर्कीतच बोलायची. आर्मेनियन त्या शाळेत पक्कं शिकल्या. आता स्मृती मागे सरकत गेली तशी त्यांच्या तोंडी तुर्की यायला लागली. पाणी मागायचं तर 'सु', आणि संध्याकाळी गुणगुणायचं ते तुर्की गाणं. जेवणाच्या टेबलावर शेजारच्या आजी संतापल्या : इथेसुद्धा ही भाषा ऐकायची का? त्यांचा राग मला परका वाटला नाही. 2020 च्या आर्त्साख (नागोर्नो-काराबाख) युद्धात तुर्कस्तान अझरबैजानच्या पाठीशी होतं आणि 2023 मध्ये एक लाखाहून जास्त आर्मेनियन तिथून घरदार सोडून निघाले. आर्मेनियातल्या येरेवानहून आलेल्या केअरगिव्हर मुलींनाही ते गाणं ऐकवत नसे. पण ज्या जागेत आम्ही त्यांना भाषेसाठी आणलं, तिथेच त्यांची पहिली भाषा नकोशी होती.

मार्ग काढला तो अॅक्टिव्हिटीज बघणाऱ्या बाईंनी. त्या सीरियातल्या अलेप्पोच्या, मराशवाल्यांना ओळखणाऱ्या. त्यांनी आधी टेबल बदललं, मग मायरिग वापरतात ते तुर्की शब्द आर्मेनियन लिपीत लिहून केअर प्लॅनला जोडले : पाणी, दुखतंय, थंडी, बाथरूम. मुलींना बसवून मराशची गोष्ट सांगितली. त्यातली एक आता ते गाणं स्वतः म्हणते. या एका बाईसाठी मी पूर्ण गुण देईन.

स्वयंपाकघर उत्तम. मांती, भाताचे दोल्मा, बुलगुरचं ईच, आणि दुपारी लहान कपात दाट कॉफी. कॉफी संपली की कप उपडे घालून गाळात भविष्य बघायचा कार्यक्रम. माझ्या नशिबात कायम प्रवास निघतो. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात मांस, दूध, अंडी काहीच नसलेला वेगळा मेनू असतो, मला तर तोच जास्त आवडतो. ख्रिसमस 6 जानेवारीला, पाण्याच्या आशीर्वादासकट. 24 एप्रिलला, नरसंहाराच्या स्मरणदिनी, मायरिगना खोलीतच ठेवायचं की सभेला न्यायचं हे आदल्या दिवशी फोन करून विचारलं, हे फार बरं वाटलं.

आता रात्र. ब्रोशरमध्ये 'आर्मेनियन बोलणारा स्टाफ' असं होतं आणि ते दिवसापुरतं खरं होतं. रात्रपाळीला बहुतेक फिलिपिनो आणि स्पॅनिश बोलणारे. माणसं प्रेमळ, पण डिमेन्शियाची घालमेल वाढते ती नेमकी संध्याकाळनंतर, आणि तेव्हा बोलायला कोणी नाही. बरंच भांडल्यावर आठवड्यातल्या काही रात्री आर्मेनियन बाई मिळते. पाहणीला जाल तर सकाळी अकराला जाऊ नका, रात्री आठनंतर जा.

पैशाचं थोडक्यात. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा अमेरिकी सरकारी आरोग्यविमा, असिस्टेड लिव्हिंगचं भाडं देत नाही; तो देतो हॉस्पिटलनंतरच्या स्किल्ड नर्सिंगचं, म्हणजे नर्सिंग होममधल्या वैद्यकीय देखभालीचं, तेही जास्तीत जास्त 100 दिवस आणि अटींसह. आम्हाला बसलेला धक्का 'लेव्हल ऑफ केअर'चा, म्हणजे किती मदत लागते याला गुण देऊन त्यावर ठरणाऱ्या दराचा. दाखल झाल्यावर काही महिन्यांत पुन्हा मूल्यमापन झालं, गुण वाढले आणि बिलही. करारात होतं ते सगळं, फक्त वाचायला कोणी सांगितलं नव्हतं. मूल्यमापन कधी, कोण करतं, आणि दरवाढीची नोटीस किती दिवस आधी, हे लेखी घ्या. मेडिकेअरचे दर्जा दाखवणारे स्टार नर्सिंग होमना असतात, असिस्टेड लिव्हिंगना नाही; त्यांचं लायसन्स राज्याच्या सोशल सर्व्हिसेस खात्याकडे असतं. तिथले इन्स्पेक्शन रिपोर्ट कोणालाही ऑनलाइन वाचता येतात. आम्ही ते वाचले आणि चकचकीत लॉबीवाली एक जागा त्यावरूनच बाद केली.

भारतीय वृद्धांसाठीच्या ज्या जागा अमेरिकेत निघताहेत, तिथे आईवडिलांना ठेवायचा विचार असणाऱ्यांनीही हेच विचारावं : इंडियन म्हणजे कुठलं, वरण-भात रोज मिळतो की फक्त गणपतीत, आणि रात्री दोनला आईने मराठीत हाक मारली तर ओ कोण देणार?

आमच्या इथे नर्सिंग विभाग नाही. मायरिगना उठवायला दोन माणसं लागायला लागली की हलवावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. म्हणून दुसऱ्या एका आर्मेनियन नर्सिंग होमच्या वेटिंग लिस्टवर नाव घातलंय, आणि फॉर्ममध्ये भाषेच्या रकान्यात यावेळी आर्मेनियनच्या पुढे तुर्कीही लिहिलीय.