पेढीची कंपनी झाली आणि हिशोब पाहण्याचा हक्क गेला

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग तयार करणाऱ्या आमच्या भागीदारी पेढीत माझा वाटा 30 टक्के होता. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 च्या कलम 12 नुसार प्रत्येक भागीदाराला पेढीच्या वह्या पाहण्याचा आणि त्यांच्या नकला घेण्याचा हक्क असतो. त्या हक्काने मी खतावणी, बँकेचे उतारे आणि भंगारविक्रीच्या पावत्या नियमितपणे तपासत असे. लोखंडाचा चुरा बऱ्याचदा रोखीत विकला जातो, म्हणून त्या पावत्या मी सर्वांत आधी मागत असे.

पुढे माझ्या भागीदारांनी पेढीचे रूपांतर प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत करण्याचा आग्रह धरला. "भाऊ, वाटा तोच, हक्क तेच, फक्त दारावरची पाटी बदलेल," असे त्यांनी मला बजावून सांगितले. हे धादांत खोटे होते. संचालक म्हणून ते स्वतः आणि त्यांच्या पत्नी राहिल्या, मला केवळ शेअर मिळाले. त्यानंतर हिशोब पाहायला गेलो तेव्हा वर्षानुवर्षे मला चहा पाजणाऱ्या लेखापालाने टॅली या हिशोबाच्या संगणकप्रणालीचा पडदा बंद केला आणि खाली मान घालून म्हटले, "साहेब, संचालकांशिवाय कुणाला दाखवू नका, असा आदेश आहे."

कायदा त्यांच्याच बाजूने होता, हे अधिक क्लेशदायक आहे. कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 128 नुसार हिशोबाच्या वह्या तपासण्याचा अधिकार संचालकाला आहे. भागधारकाला वार्षिक वित्तीय विवरणपत्रांची प्रत मिळते, वह्या नव्हे. बहुतेक छोट्या कंपन्या ज्या ‘टेबल एफ’ या नमुना नियमावलीवर चालतात, तिच्यातही संचालक मंडळाने किंवा सर्वसाधारण सभेने परवानगी दिल्याशिवाय सामान्य सभासदाला हा हक्क नाही.

अखेरीस कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून मी आमच्याच कंपनीची विवरणपत्रे काढली. शेवटच्या पानांवरील संबंधित पक्षांच्या, म्हणजे संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांशी झालेल्या, व्यवहारांच्या टिपेत भागीदारांच्या पत्नीच्या फर्मला दिलेली ‘जॉबवर्क’ची, म्हणजे बाहेरून करून घेतलेल्या कामाची, रक्कम कंपनीच्या वर्षाच्या नफ्याहून मोठी होती. किमान एक दशांश भागभांडवल असणाऱ्या सभासदाला कलम 241 आणि 244 खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते; त्यानुसार मी मुंबई खंडपीठापुढे अर्ज केला असून तो प्रलंबित आहे.

ज्यांच्यापुढे असा प्रस्ताव येईल त्यांनी जुन्या वह्यांच्या नकला आधी ताब्यात घ्याव्यात, संचालकपद मागावे आणि सभासदाला वह्या तपासता येतील असे कलम कंपनीच्या नियमावलीत लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. नियमावली बदलण्यासाठी विशेष ठराव लागतो आणि त्यासाठी विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने पडावी लागतात. त्यामुळे 25 टक्क्यांहून अधिक मते हाती असलेल्या सभासदाने विरोधात मतदान केल्यास असे कलम मागाहून काढून टाकता येत नाही.